ताटं उचलायच्या आधी: मुलांचा विश्वास घरात कसा रुजवायचा

आमच्या घरी पूर्वी रात्री साडेनऊला कौटुंबिक प्रार्थना व्हायची. सासरे गीत धरायचे, त्याची सगळी कडवी व्हायची, मग स्तोत्रसंहितेतला अख्खा अध्याय, मग त्यांची प्रार्थना. ती नगरच्या थोरल्या काकांपासून निघायची आणि आजारी माणसं, नोकरी नसलेले तरुण, पाळकसाहेब, जिल्ह्याचे अधिकारी असं करत सीमेवरच्या जवानांपर्यंत पोचायची. लेक तेव्हा पाच वर्षांची होती. सगळ्यांचं "आमेन" कानावर पडलं की ती दचकून जागी व्हायची. एकदा तिला सहज विचारलं, प्रार्थना म्हणजे काय गं? म्हणाली, "डोळे मिटायचे आणि आमेनची वाट बघायची."

सासऱ्यांना हसू आलं. मला मात्र ते वाक्य बरेच दिवस टोचत राहिलं. त्याला आता नऊ वर्षं झाली. मधल्या काळात आम्ही बरंच बदललं, बरंच चुकलो. त्यातून जे टिकलं ते इथे लिहिते. आमचं घर प्रॉटेस्टंट आहे, त्यामुळे शब्द त्या वळणाचे येतील. कॅथलिक घरात रोझरी, पवित्र मिस्सा, पहिला ख्रिस्तप्रसाद यांची जोड असते. त्यांनी हा आराखडा आपल्या पद्धतीने वळवून घ्यावा.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचनं मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितलं आहे आणि त्याच्या वेळाही दिल्या आहेत: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. या यादीत कुठे मंदिर नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. शब्बाथ शाळा, म्हणजे चर्चमधला मुलांचा बायबलचा वर्ग, आठवड्यातून एकदा, तीही तासभर. बाकीचा आठवडा मूल आपल्या स्वयंपाकघरात असतं.

आधी वेळ पक्की करा

प्रार्थनेला वेगळी वेळ काढायला गेलं की ती मिळत नाही. रोज हमखास घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला ती बांधून टाकायची. आम्ही रात्रीच्या जेवणाला बांधली. जेवण संपलं, पण ताटं अजून उचलली नाहीत, एवढाच तो वेळ. एकदा माणसं उठली की एक बेसिनकडे, एक मोबाइलकडे, एक गृहपाठाकडे जातो आणि परत गोळा करताना आवाज चढतो. ओरडून बसवलेली प्रार्थना न केलेलीच बरी.

खरकट्या हाताने बायबल धरायचं नाही हा सासूबाईंचा नियम. त्यातून आपोआप एक पद्धत पडली. ज्याचं जेवण आधी होईल त्याने हात धुऊन यायचं आणि वाचायचं. धाकटा केवळ वाचनाचा मान मिळावा म्हणून कारल्याची भाजी मुकाट संपवतो.

सगळे हजर असलेच पाहिजेत असा हट्ट नको. वडील दुसऱ्या पाळीला असतील तर आई आणि मुलं. आई नर्स असेल आणि रात्रपाळीला गेली असेल तर बाबा आणि मुलं. घरात एकटी आजीच विश्वासू असेल तर आजी. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचे वडील हेल्लेणी, म्हणजे ग्रीक होते. पौल त्याच्या विश्वासाचं मूळ सांगतो ते आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापाशी नेऊन ठेवतो. ज्या घरात नवरा किंवा बायको चर्चला येत नाही, तिथल्या माणसाने हे दुसऱ्या तीमथ्याच्या पत्रातलं वचन काढून बघावं.

दहा मिनिटांत काय बसतं

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तीन-चार मिनिटं पुरतात. सात ते अकराच्या वयाला दहा. यापुढे घड्याळ ताणायचं नाही, पाहुणे आले तरी नाही. विशेषतः ते हौसेने "मी वाचतो" म्हणून स्तोत्र ११९ उघडणारे असतील तर. त्यात १७६ वचनं आहेत.

सुरुवात गीताने. एकच कडवं आणि ध्रुवपद, तेच गीत आठवडाभर. सोमवारी मुलं पुटपुटतात, गुरुवारपर्यंत पाठ होतं. उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक घरात असतंच. त्यातली रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं यासाठी मला सगळ्यात सोयीची वाटतात, कारण चाल आपल्या मातीतली आहे आणि पेटी नसली तरी टाळीवर म्हणता येतात. टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात ते उगीच नाही. मोबाइलवर गाणं लावून सगळ्यांनी ऐकत बसणं मात्र टाळा. बेसूर चालेल, पण गळा आपलाच हवा.

मग वाचन, आठ-दहा वचनं. त्यावर एकच प्रश्न. मग प्रत्येकाने एका वाक्याची प्रार्थना करायची, मोठ्यांनीसुद्धा. हा नियम सासऱ्यांना सगळ्यात जड गेला. पहिल्या आठवड्यात त्यांचं एक वाक्य "आणि" लावत लावत सव्वा मिनिटाचं व्हायचं. पुढे जमलं. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. संपलं, ताटं उचला.

काय वाचायचं

उत्पत्तीपासून क्रमाने सुरुवात करू नका. उत्साहाने निघालेली घरं निर्गमच्या उत्तरार्धात निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, मापं आली की दमतात आणि लेवीयात थांबतात. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. सोळा अध्याय आहेत, गोष्ट धावती आहे, भाषणं कमी. रोज दहा वचनं, आठवड्यातून पाच दिवस धरलं तर साडेतीन महिन्यांत होतो. नंतर उत्पत्तीतल्या कुटुंबांच्या गोष्टी, रूथ, पहिला शमुवेल, योना.

पाच-सहा वर्षांपर्यंत वाचण्यापेक्षा सांगा, आणि सांगताना हाताशी काहीतरी ठेवा. दाखला, म्हणजे बोधकथा, सांगायला येशूने घरातल्याच वस्तू घेतल्या, त्या आपल्याकडेही आहेत. मोहरीचा दाखला सांगायच्या दिवशी मिसळणाचा डबा खाली घ्यायचा आणि मुलाच्या तळहातावर एकच दाणा ठेवायचा. आमच्या धाकट्याचा दाणा बोटांच्या फटीतून पडला. मग अख्खं घर गुडघ्यांवर बसून फरशीवर मोहरी शोधत होतं. सापडली नाही. त्याच्या मनात तो दाखला अजून तसाच आहे: इतकं लहान की शोधूनही सापडत नाही. दुसऱ्या दिवशी चार दाणे कुंडीत टाकले, चार-पाच दिवसांत कोंब आले. खमिराच्या दाखल्यासाठी इडलीचं पीठ रात्री भिजवून ठेवा आणि सकाळी झाकण मुलालाच काढू द्या. हरवलेल्या नाण्यासाठी दहाचं नाणं कपाटाखाली सरकवून हातात झाडू द्या. येशूला बघायला जक्कय ज्या झाडावर चढला त्याला मराठी बायबलमध्ये उंबर म्हटलं आहे. रस्त्याने जाताना उंबर दिसला की थांबायचं आणि विचारायचं, तू कुठल्या फांदीवर बसला असतास?

प्रश्नाबद्दल थोडं सांगते. "यावरून आपण काय शिकलो?" हा प्रश्न विचारू नका. मुलं त्याला शाळेतलं तात्पर्य देतात: खोटं बोलू नये, आईवडिलांचं ऐकावं. योनाला माशाने गिळलं, तरी तात्पर्य आईवडिलांचं ऐकावं. त्याऐवजी असं विचारा: यातला कोण तुला आवडला नाही? तू तिथे असतास तर काय केलं असतंस? उधळ्या पुत्राच्या दाखल्यानंतर लेकीने मला ऐकवलं की तिला थोरल्या भावाचंच बरोबर वाटतं, कारण धाकट्याला नेहमी सगळं माफ असतं. बोलताना ती भावाकडे बघत होती. मी समजावायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दाखल्यात बाप थोरल्याची समजूत घालायला स्वतः बाहेर येतो, तेवढं पुन्हा वाचलं. पुढे तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलंच नाही. तिथेच थांबलो.

अब्राहाम आणि इसहाक, नोहाचा जलप्रलय यांतला कठीण भाग फार लवकर सांगू नका. चित्रांच्या पुस्तकात तारू गोंडस दिसतं म्हणून गोष्ट गोंडस होत नाही. धाकट्याने विचारलं होतं, तारवाबाहेरच्या बाळांचं काय? अशा वेळी उत्तर येत नसेल तर "मलाही हे जड जातं" असं म्हणावं. घाईघाईने शोधलेल्या उत्तरातला पोकळपणा मुलांना लगेच कळतो.

देवाला घरचा पोलीस करू नका

"देव बघतोय हं", "असं केलंस तर येशूला राग येईल." दूध संपवायला, अभ्यासाला बसवायला, भावाला मारू नये म्हणून, सगळीकडे आपण देवाचं नाव घेतो. मीही घेतलं. वर्षभरानंतर लेक अंधाऱ्या खोलीत जायला घाबरायला लागली. भुताची नव्हती भीती. दूध बेसिनमध्ये ओतल्याबद्दल देव तिथे उभा असेल, ही होती. त्या दिवसापासून दुधाचा विषय माझा आणि तिचा, देवाला त्यात ओढायचं नाही. बापांनी मुलांना चिरडीस आणू नये असं इफिसकरांसच्या पत्रात स्पष्ट लिहिलंय, पण आपल्या घरांत त्याच अध्यायातलं पहिलं वचन जास्त पाठ असतं, मुलांनी आज्ञा पाळावी ते.

याची दुसरी बाजू म्हणजे मोठ्यांनी माफी मागणं. माझ्या मते या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. परीक्षेच्या दिवसांत मी धाकट्यावर हात उगारला होता. रात्री एका वाक्याच्या प्रार्थनेत मी म्हणाले, "देवा, आज मी रागाने त्याला मारलं, मला क्षमा कर." त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "पण मला नाही म्हणालीस सॉरी." बरोबर होतं. देवाला सांगून मी मुलाला टाळलं होतं. आता क्रम ठरलाय. आधी मुलाची माफी, डोळ्यांत बघून, "पण तू पण" हे शेपूट न जोडता. मग प्रार्थना.

आणि मोठ्यांचं ऐकावं हे शिकवताना एक अपवाद स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. मंडळीतल्या, शाळेतल्या, नात्यातल्या कुणीही एकट्याने बोलावलं, अंगाला हात लावला, गुपित ठेवायला सांगितलं, तर घरी येऊन लगेच सांगायचं. माणूस कितीही मोठ्या पदावरचा असो. "त्यांच्याबद्दल असं बोलू नये" हे वाक्य घरात कुणी वापरायचं नाही.

प्रार्थनेची वही

शंभर पानी साधी वही. डाव्या पानावर तारीख आणि काय मागितलं, उजवं पान कोरं. पुढे काय झालं ते उजवीकडे लिहायचं. महिन्यातून एकदा मागची पानं चाळायची. "बाबांची बदली थांबू दे" याच्यासमोर आमच्या वहीत लिहिलंय: "थांबली नाही. सातारा चांगलं आहे."

सगळ्या ओळी इतक्या हसऱ्या नाहीत. सासूबाई आजारी होत्या तेव्हा लेकीने सलग दोन महिने एकच मागणं लिहिलं. सासूबाई गेल्या. भेटायला आलेल्यांपैकी तिघा-चौघांनी तिला जवळ घेऊन सांगितलं, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. त्यानंतर ती मुद्दाम वाईट वागायला लागली. कारण कळायला मला पंधरा दिवस लागले: चांगलं वागलं तर देव नेईल.

मृत्यूच्या वेळी मुलांपुढे कमी बोला, खरं बोला. आजी गेली. ती प्रभूजवळ आहे असा आपला विश्वास आहे. आपल्याला तिची आठवण येणार, रडू येणार. मित्र लाजराच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला, तेही त्याला उठवणार हे माहीत असताना. स्तोत्र १३ सहा वचनांचं आहे आणि "किती वेळ?" या तक्रारीने सुरू होतं. ते वाचा. देवावर रागावता येतं, त्याच्यासमोर, हे मुलाला बायबलमधूनच कळू द्या. वहीतलं ते उजवं पान लेकीने कोरंच ठेवलंय. मीही काही लिहिलं नाही.

मराठीचं काय करायचं

मुलं इंग्रजी माध्यमात, आजी-आजोबांचं बायबल मराठी. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" इथपर्यंत ठीक असतं, पुढे शब्द अडतात. म्हणून घरात इंग्रजी बायबलवर जाणं सोपं, पण त्यात मुलाची आजोबांबरोबरची प्रार्थना तुटते. आम्ही मराठीच ठेवलं. सोप्या मराठीतली आवृत्ती घ्या, मोबाइलवर मराठी बायबल ऐकायलाही मिळतं. मुलाने रोज एकच वचन मोठ्याने वाचायचं, अडखळलं तर मध्ये शब्द पुरवायचा नाही, पाच मोजायचे. पंडिता रमाबाईंनी केडगावला बायबलचं भाषांतर केलं ते अशिक्षित बाईलाही कळेल अशा मराठीत, मूळ हिब्रू-ग्रीक शिकून. देवाचं बोलणं घरातल्या भाषेत यावं हा त्यांचा आग्रह होता.

मराठीत प्रार्थना करण्यात एक गंमत आहे. धाकट्याने एकदा विचारलं, आजोबांना "अहो" म्हणायचं आणि देवाला "तू"? मी म्हटलं, आईला काय म्हणतोस? तेवढ्यावर त्याचं समाधान झालं.

दाराबाहेरचे प्रश्न

पाचवी-सहावीत मूल एक दिवस घरी येऊन विचारतं, "आपण धर्म बदललेले आहोत का? आपल्याला पैसे मिळाले का?" चिडू नका, शाळेत फोनही लगेच नको. आधी मुलाला बसवून आपल्या घराची गोष्ट सांगा: पणजोबा कोण, कुठल्या गावचे, त्यांनी बाप्तिस्मा का घेतला, त्यापायी काय सोसलं. ही गोष्ट निम्म्या घरांत पालकांनाच माहीत नसते, म्हणून ती थोरल्यांकडून आत्ताच विचारून लिहून ठेवा. मग मोठी गोष्ट. मराठीतलं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापलं गेलं, फादर स्टीफन्स यांचं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ पासून नगरहून निघायला लागलं. येशूबद्दल मराठीत चारशे वर्षं गायलं जातंय, हे मुलाला माहीत असलं की वर्गात त्याची मान खाली जात नाही.

सोसायटीत गणपती बसतो तेव्हा काय करायचं, हे नवरा-बायकोने आधी ठरवावं. पहिल्या करिंथकरांसचा आठवा अध्याय आणि रोमकरांसचा चौदावा एकत्र वाचून ठरवा, कारण काय खावं, काय नाही यावर तिथेही एकमत गृहीत धरलेलं नाही. आमची मुलं मित्रांबरोबर मखराला मदत करतात, आरतीला मागे शांत उभी राहतात, म्हणत नाहीत. मोदक दिला तर घेतात. माझ्या जावेच्या घरी प्रसाद घेत नाहीत. त्यांनी शेजारच्या काकूंना गोडीने सांगितलं, तेव्हापासून काकू त्यांच्यासाठी चार मोदक नैवेद्याच्या आधीच वेगळे काढतात. दोन्ही घरांत टिंगल मात्र वर्ज्य. नाताळात आपला करंजी-चकलीचा फराळ त्याच दारांत जातो, आणि ताट मुलांनीच न्यायचं.

बाकी वर्षभराचे सण मुलांच्या हाताला काम देणारे असू द्या: नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती, बांबूच्या काड्यांचा आणि पतंगाच्या कागदाचा तारा, ईस्टरआधीच्या उपवासकाळात चाळीस दिवस खाऊच्या पैशातून डब्यात नाणी. अर्पणाच्या थैलीत टाकायला ऐन वेळी आपण हातात दिलेल्या नोटेपेक्षा मुलाची स्वतःची पाचची नाणी बरी.

तेराव्या वर्षानंतर

इथे मी अजून शिकतेच आहे. लेक चौदाची आहे. गेल्या वर्षी तिने जाहीर केलं की तिला प्रार्थना करायची नाही, कारण काहीच वाटत नाही. माझा पहिला विचार चर्चमधले लोक काय म्हणतील हा होता. हे कबूल केलेलं बरं.

आम्ही ठरवलं ते असं. जेवणानंतर बसायचं, कारण ते घराचं बसणं आहे. प्रार्थना म्हणायची सक्ती नाही, तिची पाळी आली की ती "पास" म्हणू शकते. दृढीकरणाच्या, म्हणजे स्वतःचा विश्वास मंडळीसमोर कबूल करण्याच्या तयारीच्या, वर्गाला नाव घालायचं की नाही ते तिने ठरवायचं. चर्चमध्ये मात्र तिला काहीतरी खरं काम द्यायला सांगितलं. ती आता पडद्यावर गीतांचे शब्द सरकवते. येशू मेलेल्यांतून उठला यावर शिष्य थोमाला शंका होती तरी आठ दिवसांनी तो शिष्यांबरोबर त्याच खोलीत होता. म्हणजे त्याला कुणी बाहेर काढलं नव्हतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली, स्वतःला पटल्यावर. नवऱ्याचा विश्वासही बायकोला उसना घेता आला नाही, तर आईचा मुलीला कसा घेता येणार?

तिच्याशी बोलणं जेवणाच्या टेबलावर होत नाही. स्कूटरवर होतं, ती मागे बसलेली असताना, एकमेकींची तोंडं दिसत नाहीत तेव्हा. क्लासला सोडायला मी आता लांबच्या रस्त्याने जाते.

मोडलं तर

मोडणारच. ताप, लग्नं, दहावी, क्रिकेटची फायनल. मोडल्यावर नव्या वर्षाची किंवा उपवासकाळाची वाट बघू नका आणि बुडालेले अध्याय भरून काढायलाही जाऊ नका. जिथे खूण असेल तिथून पुढे.

यंदा पावसाळ्यात आमचं सात आठवडे बंद होतं. परवा बायबल उघडलं तर विजेच्या बिलाची खूण मार्काच्या सहाव्या अध्यायात होती, पाच भाकरींच्या गोष्टीच्या अगदी मध्यात, लोक हिरवळीवर पंगती करून बसलेत तिथे. धाकट्याने पान बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे ते सात आठवडे उपाशीच बसलेत? वाच लवकर."